कासवाची सही

जहाजावरच्या चार दिवसांत सात सह्या मिळाल्या होत्या. राहिली होती फक्त आठवी, आणि ती कासवाची होती. कासव आठवड्यातून एकदाच दर्शन देई: शुक्रवारी दुपारी तीन ते साडेतीन, सातव्या मजल्यावर, वाचनालयाच्या दाराशी. भिंगसाहेबांनी खिशातल्या वेळापत्रकावर ही ओळ लाल शाईने दोनदा अधोरेखित केली होती. शुक्रवारी सकाळी त्यांनी ती तिसऱ्यांदा अधोरेखित केली आणि कागद फाटला.

भिंगसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. एकोणीस वर्षं ते बँकेत एकाच खुर्चीवर बसून सह्या ताडून पाहत आले होते. चेकवरची सही आणि कार्डावरची नमुना सही शेजारीशेजारी ठेवायच्या, वरून भिंग धरायचं आणि जुळत नसेल तर तसा शेरा मारून चेक परत पाठवायचा. एका गृहस्थाचा चेक त्यांनी तीनदा परत पाठवला, तेव्हा तो स्वतः काउंटरवर येऊन शपथा घेऊ लागला. भिंगसाहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही तेच आहात हो. पण ही सही तुमची नाही." असा माणूस चार दिवस सुट्टीवर जातो तेव्हा भिंग घरी ठेवून जाईल, ही अपेक्षाच चुकीची.

ही सह्यांची भानगड उपस्थित झाली ती साडूमुळे. जहाजावर आठ प्राणी फिरत असत, म्हणजे प्राण्यांचे गुबगुबीत पोशाख चढवलेली माणसं: खेकडा, पेंग्विन, अस्वल, ससा, बेडूक, घुबड, पाणघोडा आणि कासव. मुलांनी जहाजाच्या दुकानातली सहीवही घ्यायची आणि प्राण्यांच्या सह्या गोळा करायच्या. ज्याच्या वहीत आठही सह्या असतील त्याने शुक्रवारी पाच वाजता अतिथी कक्षात वही तपासून घ्यायची, आणि साडेपाचला कप्तानाच्या खोलीत जाऊन जहाजाचा भोंगा वाजवायचा. गेल्या वर्षी साडूच्या मुलाने तो वाजवला होता. त्याचा व्हिडिओ साडूने सगळ्या नातेवाइकांना पाठवला, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना फोन करून का पाहिला नाही म्हणून विचारलं. भिंगसाहेबांच्या आठ वर्षांच्या ठमीने तर तो इतक्या वेळा पाहिला की ती जेवताना, आंघोळीला जाताना आणि एकदा वर्गात, गणिताच्या तासाला, तोच भोंगा तोंडाने वाजवू लागली. शेवटी बाईंची चिठ्ठी घरी आली. चिठ्ठीवरची सही भिंगसाहेबांनी सवयीने ताडून पाहिली, खरी होती.

निघायच्या आधी शेजाऱ्यांनी सल्ले दिले. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "प्राण्यांकडे पाठ फिरवू नका, डोळ्याला डोळा भिडवा." ते प्राणी पोशाखातले आहेत हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. समोरच्या दारातल्या नर्सबाई म्हणाल्या, "बोटीवर मुलीचं पोट रिकामं ठेवू नका, रिकाम्या पोटी जास्त ढवळतं." वरच्या मजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, "पोट रिकामंच ठेवा, आत काही नसेल तर बाहेर काय येणार?" भिंगसाहेबांना दोघांशीही वाकडं घ्यायचं नव्हतं, म्हणून ठमीला दर जेवणाला अर्धपोटी उठवायचं असा सुवर्णमध्य त्यांनी काढला. साडूने मात्र कामाचा सल्ला दिला होता: "जाड पेन न्या. त्या गुबगुबीत हातमोज्यात बारीक पेन राहत नाही."

जाड पेन नेलं. पहिल्या तीन दिवसांत सहा सह्या सुरळीत झाल्या. सातवी अस्वलाची, तेवढी जरा अडखळत झाली. अस्वलाचा उजवा पंजा एका बाळाने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, म्हणून त्याने डाव्याने सही केली, आणि नेमक्या त्याच क्षणी जहाज कलंडलं. भिंगसाहेबांनी भिंगातून पाहिलं आणि अस्वलाला म्हणाले, "शेवटचं वळण सुटलंय. जरा नीट पुन्हा करता का?" अस्वल नुसतं पाहत राहिलं. त्याच्यासोबतच्या सेवकाने भिंगसाहेबांच्या कोपराला धरून त्यांना इतक्या अदबीने बाजूला केलं की तो अपमान आहे हे त्यांच्या दहा मिनिटांनी लक्षात आलं.

शुक्रवारी एक वाजताच भिंगसाहेब वाचनालयाच्या दाराशी रांगेत उभे राहिले. त्यांच्या पुढे बाराच जण होते. पाठीमागे टोपी घातलेले एक आजोबा आणि त्यांची नात. दाराशी पाटी होती: "मूल स्वतः हजर असल्याशिवाय सही मिळणार नाही." भिंगसाहेबांना पाटी आवडली. असाच नियम असावा, त्यांच्या मते, सगळीकडे.

दोन वाजता समुद्र बिघडला. खिडकीतली क्षितिजाची रेघ वर चढू लागली, खाली उतरू लागली, आणि रांगेतली माणसं बोलायची थांबली. दोन वीसला बायकोचा संदेश आला: "ठमीला मळमळतंय. पडून आहे." दोन पंचवीसला दुसरा: "येते म्हणते. उभं राहवत नाहीये." दोन तीसला तिसरा: "तुम्ही येऊन उचलून न्या. माझ्याच पायाखाली जमीन नाही."

भिंगसाहेबांनी मागे वळून टोपीवाल्या आजोबांकडे पाहिलं.

"काका, मुलीला घेऊन येतो. तेवढी जागा धराल का?"

"जा तुम्ही," आजोबा म्हणाले. "पण पळत जा. मला रांगेत भांडता येत नाही. ते काम आमच्या हिचं होतं."

भिंगसाहेब पळाले. लिफ्ट जेवून परतणाऱ्या लोकांनी भरलेली होती, म्हणून ते जिन्याने चौथ्या मजल्यावर उतरले. तिथे त्यांचा घात झाला. जहाजाचा लांबच लांब बोळ दोन्ही दिशांना तंतोतंत सारखा दिसत होता: तोच गालिचा, तीच दारं, तेच दिवे. सह्यांमधला केसाइतका फरक ओळखणारा माणूस डावीकडे जायचं की उजवीकडे हे ओळखू शकला नाही. ते डावीकडे धावले, आपली समजून एका खोलीच्या दारात कार्ड घातलं, दिवा तांबडा लागला, पुन्हा घातलं, पुन्हा तांबडा, आणि मग "अगं उघड, मी आहे!" असं ओरडत त्यांनी दार बडवलं. दार उघडलं. चेहऱ्याला हिरवा लेप लावलेली एक अनोळखी बाई समोर उभी होती.

"कोण मी?" तिने विचारलं.

पुढची अकरा मिनिटं ते सुरक्षारक्षकाला समजावत होते. रक्षकाने कार्ड पाहिलं, ओळखपत्र पाहिलं, आणि वहीत नोंद करून तिच्याखाली त्यांची सही मागितली. मग ओळखपत्रावरची सही आणि वहीतली सही शेजारीशेजारी धरून तो म्हणाला, "थोडी वेगळी वाटतेय." भिंगसाहेबांनी सही पुन्हा केली. एकोणीस वर्षांत हे वाक्य त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं.

तीन वाजून सोळा मिनिटांनी ते ठमीला खांद्यावर टाकून सातव्या मजल्यावर पोहोचले. मागून बायको, एका हातात ठमीचे बूट, दुसऱ्या हाताने भिंत धरत. कासव आलं होतं. हिरवंगार, वाटोळं, पाठीवर प्रचंड कवच आणि चेहऱ्यावर असं हसू की जगात काही वाईट घडूच शकत नाही. टोपीवाल्या आजोबांनी जागा धरून ठेवली होती. मागचे तीन कुटुंबप्रमुख त्यांच्याशी बोलेनासे झाले होते.

"पाठ गेली माझी," आजोबा म्हणाले, "पण जागा नाही गेली."

तीन एकोणीस. पुढे चार मुलं. प्रत्येक मुलाला मिठी, मग फोटो, मग सही. तीन बावीस, दोन मुलं. कासवासोबतचा सेवक घड्याळ पाहत होता, भिंगसाहेब सेवकाकडे पाहत होते, आणि ठमी पांढरी फटक पडून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून, मधूनच डोळे उघडून कासवाकडे पाहत होती. तीन चोवीस. "चला, पुढे!" सेवक ओरडला. भिंगसाहेबांनी ठमीला खाली उभं केलं, तिच्या हातात वही दिली, कासवाच्या हातात जाड पेन दिलं. कासवाने दोन्ही हात पसरले, तिच्या उंचीला येण्यासाठी खाली वाकलं, कुशीत घेतलं, आणि जहाजाखालून एक मोठी लाट गेली.

अर्धपोटी ठेवलेल्या मुलीच्या पोटात एवढा ऐवज असेल असं विमा एजंटांनाही वाटलं नसतं. सगळं कासवाच्या पायांवर गेलं.

मग सेवक पुढे झाला, कासवाच्या हातातलं पेन काढून भिंगसाहेबांच्या हातात दिलं आणि जाहीर केलं, "कासवाला विश्रांतीची गरज आहे." कासव तसंच हसतमुख चेहऱ्याने वळलं आणि पचक पचक करत दारामागे नाहीसं झालं. जागा धरल्याबद्दल भिंगसाहेबांनी टोपीवाल्या आजोबांच्या नातीला आपल्या पुढे सोडलं होतं आणि तिची सही आधीच होऊन गेली होती, एवढाच काय तो देवाचा न्याय.

खोलीत पलंगावर पडल्यावर ठमीने भिंतीकडे तोंड केलं.

"बाबा, कासव रागावलं."

"छे गं. हसत होतं की."

"ते नेहमीच हसतं. तोंडच तसं आहे त्याचं. ते काही न बोलता गेलं." मग ती रडायला लागली, अगदी आवाज न करता, आणि रडता रडता झोपली. भोंग्याचं नावसुद्धा काढलं नाही. भिंगसाहेबांना ते जास्त लागलं.

पावणेचार वाजता ते पाचव्या मजल्यावरच्या अतिथी कक्षात होते. काउंटरमागे एक चष्मेवाला कारकून बसला होता. भिंगसाहेबांनी प्रकरण सांगितलं, उलटीचा उल्लेख "एक अपघात" असा करून.

"कासवाची वेळ संपली," कारकून म्हणाला. "विशेष भेटीचा अर्ज भरता येईल."

"भरतो."

"तीन प्रती. उत्तर कामाच्या तीन दिवसांत मिळेल."

"अहो, उद्या सकाळी जहाज धक्क्याला लागतंय!"

"मग टपालाने येईल." कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. त्याच्या आवाजात ना राग होता ना लोभ. हा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा भिंगसाहेबांना वाटला, आणि मग आठवलं: तो त्यांचाच होता. बँकेतला, अकरा ते पाच.

त्यांनी साडूला फोन लावला. साडूने सगळं ऐकून घेतलं, दोनदा खळखळून हसला आणि म्हणाला, "अहो, मारून टाका की सही! एवढं काय त्यात? आमच्या वहीतल्या तीन मीच ठोकल्या होत्या. खेकडा, घुबड आणि पाणघोडा. पोरगं खूश, जहाज खूश."

"खोट्या सह्या?"

"कासव काय कोर्टात जाणार आहे? तुम्हाला तर काय, हातचा मळ आहे. जन्मभर सह्याच पाहिल्यात ना?"

पाहिल्या होत्या, मारल्या नव्हत्या. हा फरक साडूला समजावण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण तोवर फोन कटला होता. ते बोळात उभे राहिले. या बाजूला एकोणीस वर्षं होती. त्या बाजूला, चौथ्या मजल्यावर, एक मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, कासव आपल्यावर रागावलं या समजुतीने. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी टोपीवाल्या आजोबांना गाठून त्यांच्या नातीच्या वहीतल्या कासवाच्या सहीचा फोटो काढला. "आठवण म्हणून," ते म्हणाले. आजोबा म्हणाले, "हो हो, आठवणच ती," आणि उगाचच खोकले.

खोलीतल्या आरशापुढच्या टेबलावर बसून त्यांनी जहाजाच्या कागदावर सराव केला. खोटी सही कुठे पकडली जाते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चोर सही हळूहळू चितारतो, म्हणून रेघ थरथरते. जिथे उचलू नये तिथे पेन उचलतो. शेवटी धीर सुटून शेपूट आखडती घेतो. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. गुबगुबीत हातमोज्याचा दाब यावा म्हणून हातात पायमोजा चढवला. बायको न्हाणीघरातून बाहेर आली आणि दाराशीच थांबली.

"काय करताय?"

"सराव."

तिने कागद पाहिला, मोबाईलवरचा फोटो पाहिला, पायमोजा पाहिला. "आजवर दुसऱ्यांच्या पकडल्यात ना तुम्ही?"

"म्हणूनच बरी येतेय."

"कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं," ती म्हणाली. मग झोपलेल्या ठमीकडे तिने बराच वेळ पाहिलं. "मी काही बघितलेलं नाही," एवढं बोलून ती पुन्हा न्हाणीघरात गेली आणि तिने नळ सोडला.

चार पस्तीसला भिंगसाहेबांनी श्वास रोखला आणि एका झटक्यात आठव्या पानावर सही केली. भिंगातून पाहिली. निर्दोष होती. त्यांच्यासमोर आली असती तर त्यांनी डोळे झाकून पास केली असती, आणि त्या विचाराने त्यांच्या कानशिलांवर घाम आला.

ठमी उठली तेव्हा वही तिच्या उशाशी होती. तिने आठवं पान उघडलं आणि ताडकन उठून बसली.

"कासव आलं होतं?"

"तू झोपली होतीस," भिंगसाहेब म्हणाले. पहिलंच वाक्य खरं निघालं याचा त्यांना थोडा आधार वाटला. "येऊन सही करून गेलं."

"रागावलं नव्हतं?"

"मुळीच नाही. म्हणालं, दोष लाटेचा."

ठमीने वही छातीशी धरली. तिच्या चेहऱ्यावर रंग आला, भूक आली, आणि दुपारपासून पहिल्यांदाच तिने तोंडाने भोंगा वाजवला. न्हाणीघरातला नळ बंद झाला. भिंगसाहेबांनी पायमोजा घाईघाईने पायात घातला, तो नेमका चुकीच्या पायात, आणि त्यावर शाईचा डाग होता.

पाच वाजता अतिथी कक्षापुढे रांग होती. भिंगसाहेबांना वाटलं होतं की पानं मोजतील आणि ठप्पा मारतील. पण काउंटरवर एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड होतं, आणि त्यावर आठही प्राण्यांच्या नमुना सह्या होत्या. त्यांनी ते दुरून पाहिलं.

"हे कधीपासून?" त्यांनी पुढच्या माणसाला विचारलं.

"यंदापासूनच म्हणे. गेल्या वर्षी कुणी एका शहाण्याने खेकड्याची सही केली, ती खेकड्याच्या हाताबाहेरची होती. चक्क सुवाच्य अक्षरात."

तपासणी दोघांची होती, अगदी बँकेसारखी. आता काउंटरवर चष्मेवाल्याच्या जागी एक तरुण मुलगी होती. ती सही ताडून खूण करी. मग वही शेजारच्या पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्याकडे जाई, तो पुन्हा ताडून ठप्पा मारी. उभ्या जन्मात भिंगसाहेब काउंटरच्या या बाजूला या कारणासाठी उभे राहिले नव्हते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, त्यांच्या मनात तर भर दुपार होती. ठमी मात्र रांगेतल्या सगळ्यांना सांगत होती, "माझे बाबा खोटी सही लगेच ओळखतात. त्यांच्याकडे भिंग आहे." टोपीवाले आजोबा आणि त्यांची नात पुढे होते, त्यांची वही पास झाली. आजोबांनी जाता जाता भिंगसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो जरा जास्तच वेळ ठेवला.

वही मुलीच्या हातात गेली. खेकडा, खूण. पेंग्विन, खूण. तिने एकेक पान उलटलं. आठव्या पानावर तिचा हात थांबला. तिने सही पाहिली, मग ठमीकडे पाहिलं, मग भिंगसाहेबांकडे. भिंगसाहेबांनी भिंतीवरच्या जहाजाच्या नकाशात डोकं खुपसलं. मुलीने खूण केली आणि वही पुढे सरकवली. भिंगसाहेबांनी इतका मोठा श्वास सोडला की काउंटरवरचे कागद हलले.

अधिकाऱ्याने पानं उलटली आणि म्हणाला, "अस्वल जुळत नाही."

"काय?"

"अस्वलाची सही. शेवटचं वळण नाही. दाब वेगळा. ही खोटी दिसते."

आता खरी सही कुणी खोटी म्हटली तर भिंगसाहेब गप्प कसे राहणार? जित्याची खोड. आपल्या वहीत खरोखरची खोटी सही पुढच्याच पानावर बसली आहे, हे ते त्या क्षणी साफ विसरले. त्यांनी भिंग बाहेर काढलं.

"साहेब, ही खरी आहे. डाव्या हाताने केलेली, म्हणून झोक उलटा आहे. जहाज कलंडलं, म्हणून वळण सुटलं. पण रेघ बघा, कुठे थरथर आहे? कुठे पेन उचललंय? चोर असता तर त्याने वळण आधी काढलं असतं! मी एकोणीस वर्षं बँकेत सह्या तपासतोय."

रांग पुढे सरकून ऐकू लागली. अधिकारी भिंगातून पाहायला लागला. "असं होय?" त्याचा सूर बदलला. "तुम्ही जाणकार आहात तर. उत्तम. मग प्रश्नच मिटला." त्याने वहीचं शेवटचं कोरं पान उघडलं आणि पेन पुढे केलं. "इथे लिहून द्या: वरील आठही सह्या मी तपासल्या असून त्या खऱ्या आहेत. खाली नाव, हुद्दा, सही. तुमच्या शब्दावर मी ठप्पा मारतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भिंगसाहेबांनी पेन घेतलं. असलं वाक्य त्यांनी हजारो वेळा लिहिलं होतं, झोपेतही लिहिता आलं असतं. "वरील आठही सह्या" एवढं लिहून झालं आणि हात पुढे सरकेना. घड्याळात पाच वाजून बावीस मिनिटं झाली होती. ठमी टाचा उंच करून काउंटरवर हनुवटी टेकवून पाहत होती.

"लिही ना बाबा. आठ मिनिटंच राहिलीत."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सात खऱ्या आहेत," ते म्हणाले. "आठवी माझी आहे."

"तुमची म्हणजे?"

"कासवाची सही मी केलीय. आज दुपारी. कासवाने केलेली नाही."

रांगेत कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. काउंटरवरच्या मुलीने डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्याने वही मिटली, वर "अपूर्ण" असा शिक्का मारला, आणि भिंगसाहेबांकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांना बँकेतला तो शपथा घेणारा गृहस्थ आठवला. "पुढचे!" अधिकारी म्हणाला. राहिलेल्या दोन वह्या त्याने भराभर तपासल्या आणि पास झालेल्या मुलांना घेऊन तो वर निघून गेला. बघणारेही त्यांच्यामागे पांगले. भिंगसाहेबांना लाज वाटत होती, इतकी की ठमीकडे पाहायचा धीर होत नव्हता.

"मग कासव आलंच नव्हतं?" ठमीने विचारलं.

"नाही."

"रागावलं नाही, असं पण नाही म्हणालं?"

"नाही बाळा. ते मीच म्हणालो."

"बाबा, मला माहितीये आत माणूस असतो. मी काय लहान आहे? मी त्या माणसाच्या पायावर ओकले. आणि सॉरी पण नाही म्हणाले. मला वाटलं तो येऊन गेला म्हणजे सगळं मिटलं."

भिंगसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिने तो झटकला नाही, हेच त्यांना खूप वाटलं.

काउंटरवरची मुलगी दोन्ही कोपरं टेकून पुढे वाकली. "माणूस नव्हता," ती हळूच म्हणाली. "मी होते."

दोघांनीही वर पाहिलं.

"नेहमीचं कासव आजारी आहे. सगळ्यांना सगळी कामं करावी लागतात इथे. आज माझी पाळी होती."

"तुम्ही रागावलात?" ठमीने विचारलं.

"बूट धुवावे लागले. पण राग कसला! आत इतकं उकडत होतं आणि जहाज इतकं हलत होतं की मलाच उलटी येणार होती. तू आधी केलीस म्हणून मला सहा मिनिटं लवकर सोडलं. सुटले मी."

ठमी हसली, मग एकदम गंभीर झाली. "सॉरी," ती म्हणाली.

"बरं," मुलगी म्हणाली, तितक्याच गंभीरपणे.

भिंगसाहेबांच्या डोक्यात आता कुठे उजेड पडत होता. "म्हणजे ही सही खोटी आहे हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"मी केलेली नाही हे मला कळणार नाही?"

"मग खूण का केलीत?"

"पोरीच्या तोंडाकडे बघून." तिने आठवं पान उघडलं. "आणि खरं सांगू? तुमची माझ्यापेक्षा चांगली आलीय. मी आज सकाळीच ते कार्ड बघून शिकले. डझनभर मुलांना सह्या दिल्या, त्यातली एक धड असेल तर शपथ."

ठमीने वही तिच्यासमोर सरकवली. "मग आता करा. तुमची."

मुलीने पेन उचललं आणि भिंगसाहेबांच्या सुबक सहीच्या खाली कासवाची सही केली: वेडीवाकडी, मध्येच थांबलेली, शेपूट नसलेली. नमुन्याशी ती कुठेच जुळत नव्हती. कुठल्याही बँकेने परत पाठवली असती.

त्याच वेळी वरून भोंगा वाजला. काउंटर, भिंती, पायाखालची जमीन, सगळं त्या आवाजाने भरून गेलं. वर टोपीवाल्या आजोबांच्या नातीने बटण दाबलं असणार. ठमी छताकडे पाहत ऐकत राहिली. आवाज थांबल्यावर तिने डोळे पुसले.

"मला वाजवायचा होता," ती म्हणाली.

"हो गं. माहितीये मला."

तिने वही ओढून घेतली, नवी सही निरखून पाहिली आणि ती त्यांच्यापुढे धरली. "बाबा, ही खरी आहे ना?"

भिंगसाहेबांनी भिंग खिशातच राहू दिलं. त्यांनी पेन घेतलं आणि त्या वेड्यावाकड्या सहीखाली लिहिलं: "माझ्यासमक्ष सही केली." त्याखाली त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहून सही केली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिची शेपूट भलतीकडे गेली.

"बाबा, तुझी वाकडी आलीय," ठमी म्हणाली.

समुद्र चार वाजल्यापासून शांत होता. काउंटरवरच्या मुलीने सही पाहिली, भिंगसाहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ठमीला म्हणाली, "जहाज हलतंय गं अजून."